तळ्याच्या पाण्याचा नंबर

सत्तरच्या दशकात आमच्या लाखांदूरकडच्या गावात 'नंबर' या एका इंग्रजी शब्दावर निम्मं आयुष्य चालायचं. शेताला नंबर, चष्म्याला नंबर, परीक्षेत पोराचा नंबर, धान भरडायच्या गिरणीवर नंबर. पण सगळ्यांत मोठा नंबर तळ्याच्या पाण्याचा. कोणाच्या बांदीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, पाणी कधी सोडायचं हे पाणकर बघायचा, आणि पाणकर मी होतो.

एका वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पाऊस गेला. तळ्यात थोडंच पाणी उरलं. नंबर शेजारच्या विधवा काकीचा होता. मी ते पाणी माझ्या भावाच्या धानाला दिलं.

ती तळ्याच्या पाळीवर आली. "भाऊ, आज माहा नंबर हाये ना?"

"काकी, तुमचा नंबर काल झाला. तुमी आल्याच नाही, त मी काय करू?"

गावाने माझं ऐकलं. तिचं धान वाळलं, वर ती मरेपर्यंत आळशी ठरली. अजूनही लोक सुनांना तिचं उदाहरण देतात.

यंदा पाण्याच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मुलगा बाही ओढत होता, "बाबा, मेलेल्या बाईचं कायले उकरून राहिले?" एक जण हसला, "बुढा आता तिले पाणी पाजते!"

मी म्हटलं, "पाणी नाही देता येत आता. पण खोटं मी बोललो होतो. तिले आळशी म्हणाचं असन, त माह्यासमोर म्हणून दाखवा."

बैठकीतलं बोलणं लोक सोयीने विसरतात, म्हणून इथे लिहूनही ठेवतो आहे.