दोन करवतींची एक फळी

लाकूड कापायची मशीन कशी निवडावी, हे मला कुणी शिकवायला नको. मी एकदा निवडायला गेलो होतो. दोन घेऊन आलो.

सुप्याचं गाव अजून धरणाच्या पाण्याखाली गेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. रामनगरहून आत रानात आमची भातशेती. शाळा दुसरीपर्यंत. (मास्तरांना हिवताप आला, शाळा बंद पडली. मास्तर बरे झाले, पण मी त्यांना पुन्हा त्रास दिला नाही.) सुतारकी आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नाही. मला मात्र तिचा नाद. पाट केला, तर त्यावर बसलेला माणूस डोलत डोलत जेवायचा. खुराडं केलं, त्यात कोंबड्या सोडून सगळे राहिले. मांजर तर व्यालीसुद्धा!

आमची कारभारीण खानापूरकडची. तिच्या माहेरी झोपाळा होता. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडं लुगडं मागितलं नाही, डागिना मागितला नाही. एकच मागायची. भात कांडताना थांबायची, वर आढ्याकडं बघायची आणि म्हणायची, "हितं झोपाळा बरा दिसंल."

त्या पावसाळ्यात परड्यातला फणस वाऱ्यानं पडला. जुनं झाड. मोठा आवाज झाला, आणि मग सगळीकडं धुकं आणि फणसाच्या चिकाचा वास. ही बाहेर आली. पडलेल्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यातनं एकच फळी काडायची," म्हणाली. "दोगं बसतील अशी. जोड न्हाई पायजे. जोडाची फळी करकरती."

"काडतो की!" मी म्हणालो. बोलायला काय जातंय? पण बुंध्याचा सरळ भाग तेवढाच होता. एक रुंद फळी निघाली असती. बिघडली, तर उरलेल्यातून लाटणी!

हातकरवतवाले सगळे जंगलात कामावर गेलेले, दिवाळीशिवाय परतणार नव्हते. तेवढ्यात माझा मेव्हणा परशा बातमी घेऊन आला.

"दाजी, रामनगरात लाकडाच्या अड्ड्यावर मोटारकरवत आलीया! दोरी वडायची, पेट्रोलवर साकळी फिरती. लोण्यात सुरी घातल्यागत लाकूड कापती म्हनं!"

झालं. मला रात्रंदिवस लोणी दिसायला लागलं.

मी, ही आणि परशा, तिघं अड्ड्यावर गेलो. तिथं बसाप्पा मुकादम, डोक्याला टॉवेल, तोंडात पान. त्यानं गोणपाट बाजूला केलं. खाली दोन करवती. एक काळी, दांडगी, रेडकासारखी. दुसरी लाल, हलकी, ठेंगणी.

"एत्ति नोडी," मुकादम म्हणाला. "उचलून बगा."

मी काळी उचलली. म्हणजे पुढचा भाग उचलला, मागचा जमिनीवरच राहिला. मुकादमानं दोरी ओढली. काय तो आवाज! माझ्या छातीतली हाडं वाजली. आणि खरं सांगतो, त्या निळ्या धुरात मला झोपाळा दिसला. हळदीसारखी पिवळी फळी, दुपारची वेळ, समोर डोंगरावरनं उतरणारं ऊन, आणि ही बसलेली, केस मोकळे सोडून...

"अवो!" हिनं हाक मारली. "पाय काडा तितनं!"

करवत माझ्या पायाकडं निघाली होती.

"काळीच घ्यायची," मी म्हणालो.

"दाजी, तुमाला ती पेलंना," परशा म्हणाला. "लाल घ्या. हातात फिरती."

"लाल काय, ती पोरीबाळींची!"

"आनि काळी काय, तुमी तिला उचलनार का ती तुमाला?"

मुकादमानं आपलं शहाणपण सांगितलं. जाडजूड बुंध्याला काळी, कारण जोर टिकतो. हौशी माणसाला लाल, कारण हात दमत नाही. बुंधा किती जाड, विचारलं. मी परशाकडं बघितलं, परशानं माझ्याकडं. मोजलाच नव्हता! हिनं पदराखालून हात काढला आणि कोपरापासून बोटांपर्यंत दाखवला. "एवडा." घरून मोजून आली होती. मुकादमानं दोन्ही करवतींची पाती तिच्या हाताला लावून बघितली. दोन्ही पुरत होत्या!

म्हणजे निवडायचं पुन्हा आमच्यावरच आलं. ऊन कलेपर्यंत भांडलो. शेवटी मुकादमच कंटाळला. "दोन्नी न्ह्या! झाडाच्या फांद्या आमच्या अड्ड्याला द्या. करवती उद्या सांजच्याला परत."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. फळी म्हणजे दोन काप. एक ह्या अंगाचा, एक त्या अंगाचा, मधे राहील ती फळी. कोळशाच्या पाण्यात सूत भिजवायचं, बुंध्यावर ताणून धरायचं आणि टणकन सोडायचं. काळी रेघ उमटते, तिच्यावरनं कापत जायचं. पहिला काप कुणी करायचा? मी म्हणालो मी, परशा म्हणाला मी. मग बुंध्याच्या एका टोकाकडनं मी काळी घेऊन, दुसऱ्या टोकाकडनं परशा लाल घेऊन, मधे भेटायचं!

आवाजानं म्हैस दावं तोडून पळाली. शेजारची म्हातारी तुळशीला हात जोडून बसली. पण पहिला काप सुताला सूत जुळला! दोन्ही करवती बरोब्बर मधे भेटल्या. बुंधा उघडला. आत इतकं पिवळं लाकूड, की संध्याकाळ झाली तरी परड्यात ऊन राहिल्यासारखं वाटत होतं. ही नुसती बघत राहिली. दुसऱ्या कापाचीही रेघ मारून ठेवली, आणि अंधार पडला.

सकाळी उठलो, तर ही अंगणात रांगोळी घालतेय.

"काय हाय आज?"

"खंडेनवमी! झोपंत हाय काय तुमी?"

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यार उचलत नाहीत. नांगर, कोयता, विळा, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, पूजा करायची, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उठवायचं. हिनं दोन्ही करवतीही पाटावर बसवल्या होत्या. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा. काळीच्या पेट्रोलच्या टोपणावर तर अक्षता!

तेवढ्यात मुकादम सायकलवरनं आला.

"करवती कुटं? आज आमच्या अड्ड्यावर पूजा हाय, करवतीच न्हाईत! मालक माझी पूजा करंल!"

"बसल्यात," ही म्हणाली.

"कुटं बसल्यात?"

"पाटावर. आता उद्या उटतील."

मुकादमानं आत डोकावून बघितलं. हात पुढं केला, माळ बघितली, हात मागं घेतला. शेवटी चप्पल काढून आपणच नमस्कार केला. जेवायला बसला. पुरणाची होळगी खाल्ल्यावर त्याचा राग निम्मा उतरला. "उद्या दुपारच्या आत," म्हणाला, आणि आमच्याच पडवीत आडवा झाला.

इथवर चूक कुणाचीच नव्हती. आता माझी सुरू होते.

मला भक्तीचं भरतं आलं. मी म्हणालो, हत्यारांची पूजा झाली, मग ज्याच्यावर हत्यार चालणार त्या फणसानं काय पाप केलंय? घागरी भरून आणल्या. बुंध्याला आंघोळ घातली. नारळाच्या काथ्यानं घासला. हळद चोळली. परशा मागनं पाणी ओततोय, मी घासतोय. असा लखलखीत केला, की नवरदेव! आणि मग त्याच्याच सावलीत पडून दिवसभर झोपाळ्याची स्वप्नं बघितली.

दसऱ्याला सकाळी करवती उठवल्या. दोरी ओढली. काळीतनं आधी झेंडू उडाले. सगळं परडं केशरी झालं! मुकादमाच्या टॉवेलावर पाकळ्या, म्हशीच्या पाठीवर पाकळ्या.

"दाजी," परशा ओरडला, "रेघ कुटं हाय?"

रेघ हळदीबरोबर वाहून गेली होती.

"सूत आना, परत मारू," ही म्हणाली.

"अड्ड्यावर ट्रक थांबला असंल!" मुकादम म्हणाला. "आटपा!"

"सूत कशाला? डोळ्यांत बसलीया रेघ," मी म्हणालो. "परशा, तुज्या?"

"माज्या बी!"

दोघांच्या डोळ्यांत रेघ होती. पण एकच नव्हती. मी माझ्या टोकाकडनं, तो त्याच्या टोकाकडनं. भुसा उडत होता, झेंडू उडत होते. मधे आलो. दोन्ही करवती एकमेकींच्या शेजारून, ओळख नसल्यासारख्या, पुढं निघून गेल्या!

आवाज बंद केला. मधला तुकडा तोडून फळी सुटी केली आणि आडवी ठेवली. खालून सपाट, गुळगुळीत. वरनं मात्र अर्धी फळी जाड, अर्धी पातळ, आणि बरोबर मधे चार बोटं उंचीची पायरी!

"झोपाळा न्हवं ह्यो," मुकादम करवती उचलत म्हणाला. "जिना हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुशाचं म्हणालो. तिनं एकच मागितलं होतं. मी घाईनं वाकस घेतला, जाड बाजू तासून काढतो म्हणालो. तिनं तो माझ्या हातातनं काढून घेतला.

"आता आनि एक हत्यार घिऊ नका. उरलीया तेवडी तरी फळी ऱ्हाऊ द्या." मग पायरीवर हात फिरवला आणि हसायला लागली. "जोड तर न्हाई ना? एकच फळी हाय. मला एवडंच पायजे हुतं."

फळी वर्षभर सावलीत वाळवली आणि टांगली. ती जाड बाजूला बसली, मी पातळ बाजूला. तेव्हापासून ती वर, मी खाली. पाव्हणे हसायचे. ती म्हणायची, "ज्यानं कापलं, त्यो खाली बसल!" दुपारी काम आवरलं की आम्ही बसायचो. डोंगरावरचं ऊन हळूहळू अंगणात यायचं, झोपाळा हलत राहायचा, आणि मला वाटायचं, वाह! काय फळी कापलीय, नुसत्या वाऱ्यावर चालते!

ती गेली, त्याला आता काही वर्षं झाली. तिची बाजू मी रिकामीच ठेवायचो. परवा दुपारी मात्र कुणी बघत नाही असं बघून वर चढून बसलो. तिला तिथून काय दिसायचं ते बघावं म्हणून. डोंगर दिसला. ऊन दिसलं. पाय मात्र जमिनीला टेकेनात! पाय अधांतरी, हातात काही नाही, आणि झोपाळा गपगार. वारा होता, पानं हलत होती, पण झोपाळा काही हलेना.

हलणार कसा? इतकी वर्षं हलवणारं गाढव आज वर येऊन बसलं होतं!