भावोजींचं निवडक

जगातल्या यच्चयावत निरुपयोगी गोष्टी निवडून नातेवाइकांना दाखवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी खात्री पटलेला माणूस अख्ख्या बेंगळुरात एकच होता आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. आमचे हे भावोजी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, पण ती झाली नोकरी. त्यांचं खरं काम म्हणजे 'निवडक'. घरात दोन व्हीसीआर. एकात केबलवरून उतरवलेली नाही तर लायब्ररीतून आणलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. महिनाभर खपून ते त्यातून दीड तासाची एक कॅसेट तयार करत. पहिल्या भागात गंमत: चिखलात आपटणारे गोरे लोक, पियानोवर चालणारं मांजर, लग्नाच्या केकवर बसणारी कुणाची तरी मावशी. दुसऱ्या भागाचं नाव 'राहणीमान'. त्यात टेलिशॉपिंगवाले विकतात तसल्या वस्तू, आणि मूळ आवाज पुसून माइकवर भरलेला भावोजींचा आवाज: "नमस्कार मंडळी! आता पाहू या, आधुनिक माणूस काकडी कशी कापतो."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या कॅसेटचा खेळ व्हायचा. चिकपेटेतलं माझं साड्यांचं दुकान रविवारी बंद असतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मला सुटका नव्हती. भावोजी स्वतः टीव्हीकडे कधीच बघत नसत. ते टीव्हीला पाठ लावून आमच्याकडे तोंड करून बसत, हातात वही-पेन्सिल, आणि कोण कुठे हसलं ते लिहून घेत. कुणी हसलं नाही तर, "स्वल्प थांब रे, तुझं लक्ष नव्हतं," म्हणून कॅसेट मागे घेत आणि तेच मांजर पुन्हा चालवत. मी तर नुसतं मांजर दिसलं की आधीच हसून मोकळा व्हायचो. आमची आई पहिल्या पाच मिनिटांत बसल्या बसल्या झोपी जाई. तिच्या नावापुढे एकदा मी वाचलं, 'सासूबाई: अत्यंत समाधान'.

बरं, नुसतं दाखवून भागत नसे, त्यातल्या वस्तू घरातही येत. अकरा पात्यांचं भाजी कापायचं यंत्र आलं. ते धुवायला जो वेळ लागे त्यात अक्का विळीवर चार जणांची भाजी चिरून मोकळी होई. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा आला; तो लावून भावोजी एका मयताला गेले आणि लोक रडायचं सोडून चष्म्याची चौकशी करत होते, असं तेच अभिमानाने सांगत. अक्काचं म्हणणं एकच होतं. "माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवतंय ना, म्हणूनच हे ते घालत नाहीत."

या सगळ्यात हाल झाले ते वैजूचे. ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तीच व्हीसीआरचं बटण दाबायची, पण कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींना घरी आणेनाशी झाली. पुढे पुण्याचं स्थळ आलं. मुलगा तिला फोटोवरूनच आवडला होता, हे अक्काने मला हळूच सांगितलं. वैजूने बापाला देवासमोर उभं केलं. "अप्पा, त्या दिवशी टीव्ही नाही, कॅसेट नाही, काही दाखवायचं नाही."

"सरी, सरी, कबूल," म्हणाले भावोजी, आणि शब्द पाळलाही. टीव्हीवर चादर टाकली. पण सकाळी सोफ्यावरची विजेवर थरथरणारी परदेशी गादी शेवटची तपासून बघत असताना वीज गेली, आणि तिचं बटण चालूच राहिलं. मंडळी आली. मुलाचे काका, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, नेमके तिथे टेकले. त्यांनी कॉफीचा पेला ओठाला लावला आणि वीज आली. कॉफी धोतरावर गेली, कवळी पेल्यात गेली, आणि भावोजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मंडळी, यात तीन वेग आहेत!"

लग्न ठरलं, कारण काकांच्या पाठीला त्यानंतर दोन दिवस बरं वाटत होतं. पण वैजू बापाशी पंधरा दिवस बोलली नाही. सासरी निघताना म्हणाली, "अप्पा, तिकडे कॅसेट पाठवू नका. सगळ्यांसमोर मला कसंतरी होतं."

त्या महिन्यापासून रविवार बंद झाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण व्हीसीआरवर अक्काने विणलेला रुमाल आणि शेजारी वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचणारे भावोजी बघितले की घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटे. दिवाळीआधी मी मालाच्या खरेदीला पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी एक कॅसेट माझ्या पिशवीत सरकवली. "एकटी असताना बघ म्हणावं. कुणी असलं तर नकोच."

पुण्यात दुपारी घर रिकामं बघून वैजूने ती माझ्यासमोरच लावली. "नमस्कार मंडळी," नेहमीचा आवाज आला, आणि मग जरा थांबून, "नमस्कार, वैजू." लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा मागून आणला होता, तो हातात हलत होता. आधी अक्काची विळी दिसली. "हिला बॅटरी लागत नाही." मग कॉफीचा फिल्टर. "हा पोचा तू चौथीत असताना पाडलास. अजून गळत नाही." मग उचलून ओढल्याशिवाय न लागणारी मागच्या दाराची कडी, वैजूची सायकल आणि शेवटी ओट्यापाशी अक्का. "हे मॉडेल आता कुठेच मिळत नाही." अक्काने भिंगावर हात धरला. "पुरे हो तुमचं!" "पाहिलंत मंडळी? बोलतंसुद्धा."

वैजू खळखळून हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसली. तेवढ्यात मागे खाकरल्याचा आवाज आला. हेडमास्तर काका दारात उभे होते. वैजूचं बोट बटणावर गेलं. पण तिने बोट काढून घेतलं. "बसा ना काका. माझे अप्पा आहेत. पहिल्यापासून लावते." काकांनी आधी खुर्चीवर हात फिरवून पाहिला, मग बसले.

परत आल्यावर भावोजींनी मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. जुनी वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं. "कुठे हसली?"

मी सांगितलं, कडी आली तिथे आणि अक्का बोलली तिथे. काकाही फिल्टरपाशी हसले, म्हटलं. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं. ती कुठे रडली ते त्यांनी विचारलं नाही. पण वैजूच्या नावापुढे एक ओळ कोरी सोडून मग त्यांनी वही मिटली.