तिच्या ओळीएवढं अंतर

त्या सकाळी मी बूट घालून वसाहतीच्या फाटकापाशी उभी होते. रोज माझ्यासोबत चालायला येणाऱ्या सुमनला कधी उशीर होत नसे, म्हणून आल्यावर तिला चांगलं सुनावायचं ठरवत होते. तेवढ्यात तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, मम्मी उठी नही ऱ्हायन्यात..." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि तिच्या घरी गेले. ती झोपेतच गेली होती. परत आले ती अनवाणीच. बूट तिच्या दाराबाहेर राहिले, हे मला दुसऱ्या दिवशी सून ते घेऊन आली तेव्हा कळलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, अजून मला रडू आलेलं नाही.

पुरुषोत्तमनगरच्या आमच्या कारखाना वसाहतीत सुमन म्हणजे कानबाईची गाणी. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते आणि दुसऱ्या सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन गात गात नदीवर निघतात. गाणं वाटेत तुटू द्यायचं नसतं. पण डोक्यावर ओझं, नेसायला नवी साडी, ती सुटू नये म्हणून प्रत्येकीने पदर कंबरेला करकचून आवळलेला. नदी येईपर्यंत निम्म्या जणींचे घसे बसायचे. सुमन निघण्याआधी रांगेतून फिरून एकेकीची गाठ सैल करायची. "गळाले तरास नको देवू," म्हणायची, "दम पोटमा ऱ्हास." दम पोटात राहतो, गळ्यात नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. ती स्वतः रोज पहाटे साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून गात गात चालायला जायची. उसाचे ट्रॅक्टरवाले हसायचे. तिला ढिम्म फरक पडत नसे. उलट चढावर त्यांच्याकडे बघून ती आवाज चढवायची!

मागे मला न्यूमोनिया झाला होता. बरी झाले, पण जिना चढला तरी धाप लागायची. गाणं संपलं, असं मी धरूनच चालले होते. सुमन बूट घेऊन दारात आली. "पहिले चाल. गाणं मंग." सुरुवातीला नुसतं चालणं. मग चालताना गुणगुणणं, हात कंबरेवर ठेवून, बरगड्या फुगतात का ते बघत. पाय बळकट झाले तसा श्वास लांबला, आणि श्वास लांबला तसा आवाज पुन्हा पोटातून यायला लागला. मग तिने खेळ काढला. फाटकापासून पाटाच्या पुलापर्यंत एक ओळ माझी, एक तिची. ओळीच्या मध्येच जिने श्वास घेतला ती हरली. मी बरेच दिवस हरत होते... पहिल्यांदा न तुटता पूल गाठला तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "पुरना व माय, दम पुरना!"

अंत्ययात्रेला कोणीतरी म्हणालंच, "इतलं चालीसन काय मियनं इले?" एवढं चालून हिला काय मिळालं, या बोलण्याचा मला रागसुद्धा आला नाही. जास्त जगायला ती चालत नव्हतीच. नदीपर्यंत गाणं तुटू नये, एवढ्यासाठी चालत होती.

आता श्रावण जवळ आला आहे. पुढे गायला तूच ये, असं बाया मला सांगून गेल्या. मी हो म्हटलं, पण जमेल याची खात्री नव्हती. कारण रोज सकाळी मी चालते, माझी ओळ म्हणते आणि गप्प होते. तिच्या ओळीएवढं अंतर नुसतीच चालते, मग पुढची माझी ओळ. मिरवणुकीत असं चालायचं नाही. पुढे गाणारीला सगळं गाणं म्हणावं लागतं.

काल चढावर समोरून ट्रॅक्टर आला. त्याच्या आवाजावर मात करायची म्हणून मी जोर लावला, आणि त्या भरात तिची ओळही म्हणून गेले. मग माझी, मग परत तिची. पूल आला. मी कठड्याला धरून उभी राहिले. धाप लागली नव्हती.

दम पुरला होता, तिच्या ओळींनाही. तो पुरायला नको होता, असं फार वाटलं.