नाटकाच्या दिवशीचं कुलूप

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या हिवाळ्यात, तिच्या गावी नाटक होतं त्या शनिवारी, दुपारी चार वाजता.

आमच्या झाडीपट्टीत नाटक असलं की गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे येतात. बोलवावं लागत नाही. वडे तळायचे, जेवू घालायचं, मग सगळ्यांनी मिळून मंडपात जायचं. मी वडशाहून बसनं आलो, काखेत महागाईविरोधी मोर्चाच्या पत्रकांचा गठ्ठा. मावशीच्या दाराला कुलूप. आतून खोकल्याचा आवाज आला, म्हणून मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, आत शिरलो. ती विझलेल्या चुलीपाशी बसली होती.

"काऊन आला? कुलूप नाई दिसलं तुले?"

"खोकला ऐकू आला."

"मंग त्यालेबी कुलूप लावा लागते."

मावशी एकटी, रोजीनं धानाच्या बांधीत कामाला जाते. म्हणाली, "तेल आणलं त डाळ रायून जाते. पाहुण्यायले का पाणी पाजू?"

तिनं पत्रक वाचायला लावलं. पहिली ओळ माझीच होती: महागाईनं सगळ्यांचं कंबरडं मोडलं.

"सगळ्याईचं? मंग गुरुजीच्या इथी का तळून राह्यले?"

भिंतीपलीकडून तळणाचा वास येत होता. शेजारच्या गुरुजींना महागाई भत्ता मिळतो. भाव चढले की थोडाफार पगारही चढतो. मावशीची रोजी जिथल्या तिथं. हे मला ठाऊक होतं, तरी मी 'सगळ्यांचं' लिहिलं, कारण मोर्चात गुरुजीही हवे होते.

तेवढ्यात पुढच्या दारी कुलूप खडखडलं. मामा होता, तिचा सख्खा भाऊ.

"बाई कुठी गेली असन?"

"पोरीकडे गेली असन," गुरुजी म्हणाले. "या, इथी बसा."

मावशीनं पदर तोंडात कोंबला. खोकला दाबता दाबता डोळ्यांतून पाणी आलं. मी उठलो नाही. हाकही मारली नाही. मामाच्या चपला शेजारी वाजत गेल्या आणि थोड्या वेळानं तिकडून हसणं ऐकू आलं. मावशी ते भिंतीला टेकून ऐकत राहिली.

संध्याकाळी मी गुरुजींकडे जेवलो. वडे चांगले होते.

मामा यंदा म्हणतो, बाईले आता माणसं नको झाली.

तुमच्या पगारात महागाई भत्ता येत असेल, तर तुम्हाला सांगतो. यंदा नाटकाला जाल तेव्हा कुलूप पाहून शेजारी वळू नका. तेलाची पिशवी घ्या आणि सांदवाडीतून आत जा. आणि पुढच्या मोर्चात आपल्या भत्त्याआधी तिची रोजी वाढवून मागा.