झिरकपूर नकाशावर का येईना

नकाशावर झिरकपूर नव्हतं. मोहाली होतं, पंचकुला होतं, चंदीगडचे सेक्टर शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते. आणि मी त्याच झिरकपूरहून, जॅममध्ये धूळ खात, नुकतीच मोहालीच्या नॉलेज सिटीत पोहोचले होते.

"अनघा जी, फाइल में है. ये देखो, लिखा है!" हरप्रीत रडकुंडीला आली होती.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर सपोर्ट बघते. मूळची अमरावतीची. भल्ला मॅडम हवेतल्या धुळीवर काम करतात आणि हरप्रीत त्यांची रिसर्च असिस्टंट. झिरकपूरच्या गच्च्यांवर धूळ मोजायची यंत्रं बसवायला ती दारोदार हिंडली होती. सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या अक्षरशः हातापाया पडली होती. त्या यंत्रांच्या आकड्यांवरून प्रोग्राम धुळीचा नकाशा काढायचा आणि दुपारी तो बघायला रिव्ह्यू कमिटी येणार होती. झिरकपूर नकाशावर दिसलं तर तिची पोस्ट पुढे चालू, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून भटिंड्याला परत.

सगळा घोळ मॅडमच्या नव्या लॅपटॉपवर होता. त्यांची पाठ धरते, म्हणून त्यांनी जड लॅपटॉप सोडून अगदी पातळ, हलका घेतला होता. त्यावर कोड एडिटर टाकला होता. कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची आणि दुरुस्त करायची खिडकी. काळी पाटी, रंगीत अक्षरं, चुकलं की खाली लाल रेघ.

मी फाइलवर डबल क्लिक केलं. एडिटर उघडला. झिरकपूरची ओळ होती. प्रोग्राम चालवला. नकाशात झिरकपूर नाही. सेव्ह केलं, पुन्हा चालवला. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. आमच्या धंद्यातला हा रामबाण उपाय. तरी नाही.

मग मी खालच्या पट्टीवरून एडिटर उघडला आणि त्यातून तीच फाइल शोधली. आता झिरकपूरची ओळच गायब! शेजारच्या दुसऱ्या चिन्हावरून उघडून पाहिली, तर ओळ दोनदा. नाव तेच, खिडकी तशीच, मजकूर दर वेळी वेगळा. माझं डोकं गरगरायला लागलं. क्षणभर वाटलं, सपोर्टची नोकरी सोडावी आणि सेक्टर बावीसमध्ये पोह्यांची गाडी लावावी.

"मॅडम, ये एडिटर किसने डाला?"

"मैंने. स्टोअर से," भल्ला मॅडम म्हणाल्या.

हरप्रीत माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मैंने भी डाला था. आप छुट्टी पर थीं ना."

तेवढ्यात शेजारच्या लॅबचे सेठी सर चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. "ओ जी, पक्का वाला तो मैंने डाला है. चल रहा है ना बढ़िया?"

आता उजेड पडला. आमच्या कॉरिडॉरची ही रीतच आहे. कुणी अडलं की सगळे मदतीला धावतात. आधी कुणी काय करून ठेवलंय, हे कुणी विचारत नाही. आणि दुसऱ्याने केलेलं काढून टाकणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून काढतही कुणी नाही. एका लॅपटॉपवर तीन एडिटर झाले होते. तिघांनी आपापल्या ठिकाणी फाइलची आपापली कॉपी ठेवली होती.

त्यात या हलक्या लॅपटॉपची एक खोड आहे. त्याच्या पोटात एक वेगळी खोली असते आणि प्रोग्राम चालतो तो त्या खोलीत. बाहेरच्या फोल्डरला आपण मुद्दाम दार उघडून दिलं नाही, तर आतल्याला बाहेरचं दिसत नाही. हरप्रीत बाहेर दुरुस्त्या करत होती आणि आत जुनीच फाइल चालत होती.

तिन्हीपैकी चालतेय कुठली? मी प्रत्येक कॉपीच्या सुरुवातीला एकेक शब्द स्क्रीनवर छापायची सूचना लिहिली. घाईत दुसरं काही सुचेना, सकाळी फ्रिजमध्ये जे पाहिलं होतं तेच लिहिलं. कांदा, बटाटा, वांगं.

प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर आलं, "वांगं."

"वांगं मतलब?" मॅडमनी विचारलं.

"बैंगन."

"बैंगन क्यों?"

"वो बाद में, मॅडम."

वांगं निघालं सेठी सरांच्या एडिटरमधलं. हरप्रीतच्या दुरुस्त्या मी त्यात आणल्या, फोल्डरला दार उघडून दिलं आणि डबल क्लिक केलं की हाच एडिटर उघडेल असं सेटिंग केलं. बाकीचे दोन रीतसर परवानगी घेऊन काढले. आपला एडिटर राहिला म्हणून सेठी सर कॉरिडॉरभर सांगत सुटले.

पुन्हा प्रोग्राम चालवला. झिरकपूर आलं. लालभडक. माझ्या घराच्या हवेची ही दशा बघून खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी हरप्रीतला मिठीच मारली.

ती वांग्याची ओळ नंतर काढू म्हटलं, तर कमिटी वेळेआधीच हजर. प्रोजेक्टरवर, साऱ्या भिंतीभर, पहिला शब्द उमटला, "वांगं."

अध्यक्ष गंभीर गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला. "यह क्या है?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. हरप्रीत मात्र उठून उभी राहिली.

"सर, इसका मतलब, यही असली फाइल है."

"अच्छा, व्हर्जन का नाम. गुड प्रॅक्टिस," असं म्हणून ते झिरकपूरकडे वळले. मग कुठली गच्ची, कुठलं यंत्र, शेजारी बांधकाम होतं का, प्रश्नावर प्रश्न. हरप्रीत एकाही प्रश्नाला अडखळली नाही. तिची पोस्ट पुढे चालू राहिली.

मी यातून एवढंच शिकले, की कुणाला मदत करायला बसलं की आधी विचारावं, याला आत्तापर्यंत कुणीकुणी मदत केली आहे.

ती ओळ काढायला मी दुसऱ्या दिवशी गेले, तर हरप्रीतने काढू दिली नाही. आता या लॅबमध्ये कुठलीही फाइल पुढे जाण्याआधी भल्ला मॅडम आपल्या पंजाबी उच्चारात तिला विचारतात, "ये वांगं है ना?"

आणि हरप्रीत म्हणते, "पक्का वांगं, मॅडम."