लाल दिवा आणि डेटलेफचं लग्न

आमच्या डेटलेफ उलेनब्रोकबरोबर मी सव्वीस वर्षं एकाच गाडीतून गावोगाव सिग्नल बसवत आणि दुरुस्त करत हिंडलो. पण या बाबानं लाल दिव्यात कधी पाऊल टाकलं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी नाही. "लहान मुलं बघतात," म्हणायचा. मुलं नसली तरी हेच!

त्याचं लग्न ठरलं चोपन्नाव्या वर्षी. फ्राउकेनं अकरा वर्षं वाट पाहिली होती. नोंदणी कचेरीत वेळ मिळाली सकाळी अकराची. चुकली तर पुढची थेट नोव्हेंबरात. मी साक्षीदार.

अकराला दहा कमी असताना आम्ही कचेरीसमोर पोचलो. मधे रस्ता आणि चालणाऱ्यांचा दिवा लाल. पाच मिनिटं झाली, दिवा बदलेना. पुढे रस्ता खणून ठेवलेला, पंधरा दिवसांत एक गाडी फिरकली नव्हती. तरी आमच्या बाजूला शाळेची डझनभर मुलं, त्यांच्या बाई आणि बेकरीवाला शिस्तीत उभे.

"सिग्नलची पेटी कुठंय?" मी विचारलं.

"पलीकडे. किल्ली माझ्याकडेच आहे."

"मग जा की लेका, उघड!"

"लाल आहे."

मी कपाळाला हात लावला. पलीकडून पांढऱ्या झग्यातली फ्राउके ओरडली, "डेटलेफ, लग्न करायचंय की नाही?"

"करायचंय गं! दिवा बिघडलाय!"

"तूच बसवलायस ना मेल्या!"

बिचारा शरमेनं अर्धा झाला. कचेरीतल्या क्वास्टबाई दारात येऊन घड्याळ दाखवू लागल्या.

तीन मिनिटं उरली. फ्राउकेनं झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि तरातरा रस्ता ओलांडला. लाल असताना!

"अहो बाई, मुलं आहेत इथं!" बेकरीवाला कडाडला.

डेटलेफच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझ्यासाठी लाल तोडलास?"

"उद्या रड. आता चल!" ती त्याला मनगट धरून ओढू लागली.

फुटपाथच्या कडेला तो पुन्हा अडला. घामानं निथळत होता. मग मुलांकडे वळून अगदी गयावया करत म्हणाला, "बाळांनो, जरा वेळ डोळे मिटाल का रे?"

मुलांनी मिटले. बाईंनी मिटले. बेकरीवाल्यानंही कुरकुरत मिटले. मग डेटलेफनं स्वतःचेही घट्ट मिटून घेतले आणि फ्राउकेचा हात धरून तो रस्त्यात उतरला.