जावयाची लो केलेली गाडी

मुकुंदवाडीच्या रामेश्वरला कुठलीही गाडी मागून बघायची खोड होती. त्याचा बाप मेंढरांमागून चालायचा आणि चालत्या कळपातली लंगडी मेंढी पाठीमागूनच ओळखायचा. मेंढरं गेली, रामेश्वर जालना रोडवरच्या गॅरेजात चाकं सरळ करायच्या, अलाइनमेंटच्या कामाला लागला, पण नजर बापाचीच राहिली. वरातीत लोक नवरदेव बघायचे, हा त्याच्या गाडीची मागची चाकं बघायचा. त्याची बायको साळूबाई म्हणायची, या माणसाला देवळात न्या, प्रदक्षिणा अर्धीच घालील आणि देवाच्या पाठीमागं उभा राहील.

गॅरेजात त्याचा एक नेम होता. स्प्रिंगा कापून खाली बसवलेली गाडी, म्हणजे पोरं जिला लो केलेली म्हणतात ती आली, की तो आधी विचारायचा, मागं बसतं कोण? जे बसणार त्यांना गाडीत बसवायचं आणि मगच मागच्या चाकांना हात लावायचा. असली गाडी रिकामी असताना एक असते, माणसं बसली की दुसरीच होते. ती आणखी दबते, मागची चाकं वरून आत कलतात, त्यांची दिशा बिघडते आणि टायर आतल्या कडेनं झिजत जातं. बाहेरून बघणाऱ्याला ते नवं कोरं दिसतं. शेठ असो नाहीतर फौजदार, रामेश्वरनं भल्याभल्यांना मागच्या सीटवर गप बसवलं होतं. फक्त जावयाला बसवलं नाही.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात अधिकमास आला, दिपालीच्या लग्नानंतरचा पहिलाच. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. सुदर्शन वाळूजच्या कंपनीत कामाला, राहायला नक्षत्रवाडीत. आपली पांढरी गाडी जमिनीला टेकवत, चमचमती चाकं मिरवत तो दिपालीला घेऊन आला. उतरल्या उतरल्या म्हणाला की मागून आवाज येतोय, मामांनी जरा बघावं. जावयानं आपण होऊन काम सांगितलं म्हणून रामेश्वरचं काळीज सुपाएवढं झालं.

गॅरेजात गाडी वर उचलली आणि ते काळीज खाली बसलं. मागचं डावं टायर आतून पार खाल्लेलं होतं. हात फिरवला तर तारा बोटाला टोचल्या. डिकीत स्टेपनी चांगली होती, पण तिची रिम काळी, लोखंडी. मानाच्या दिवशी जावयाच्या गाडीला काळं चाक कसं लावायचं? त्यात साळूबाईचे फोनवर फोन, ताटं वाढलीत, जावयाला ताटकळत ठेवू नका. मागं कोण बसणार हे विचारणंसुद्धा त्याला त्या दिवशी उद्धटपणाचं वाटलं. त्यानं रिकाम्या गाडीवरच चाकं सरळ केली, टायरचं पुढच्या आठवड्यात बघू असं मनाशी म्हटलं आणि मुकाट्यानं चावी परत दिली.

जेवताना दिपाली सहज बोलून गेली की आता नक्षत्रवाडीहून सासू-सासऱ्यांना आणि सुदर्शनच्या आत्यांना घेऊन गोदावरीच्या स्नानाला पैठणला जायचंय. रामेश्वरनं मनातल्या मनात माणसं मोजली. म्हणजे गाडीत पाच माणसं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार पडत होती, आणि जेवत्या जावयाच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं. त्यानं जावयाला आणखी एक धोंडा वाढला. गाडी निघाली तेव्हा आत दोघंच होती, आणि मागून ती अगदी सरळ चालली.

मग मात्र त्याचा पाय घरात ठरेना. ओट्यावर आला, आत गेला, पाणी ओतून घेतलं आणि न पिता ठेवलं. दिपालीला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. साळूबाईनं विचारलं, काय हरवलंय तुमचं? त्यानं सांगून टाकलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“जावयाचा मान राखला तुमी,” ती म्हणाली. “लेक कुणी राखायची?”

आता त्यानं फोन खरोखर लावला, तर कुणी उचलेना. तो पान्यांची पिशवी घेऊन मोटरसायकलवर बसला. पैठण रोडवर ऊन नुसतं भाजत होतं. रस्त्याच्या कडेला टायरचा तुकडा दिसला की तो मोटरसायकल हळू करायचा, आणि जवळ गेल्यावर कळायचं की हा तर ट्रकचा. चितेगावजवळ एका रसवंतीच्या सावलीत पांढरी गाडी उभी दिसली आणि त्यानं मोटरसायकल तशीच सावलीत घातली.

सगळे खाटेवर बसून रस पीत होते. सुदर्शन हसत उठला, आमचं काय विसरलं का म्हणाला. रामेश्वर त्याला घेऊन मागच्या डाव्या चाकापाशी गेला. त्यानं जावयाचा हात धरला, खाली बसवलं आणि तो हात टायरच्या आतल्या कडेला लावला. टायर तापलं होतं, रबराची एक पट्टी सुटून लोंबत होती. सुदर्शननं हात मागं घेतला, तर बोटाला रक्त.

“हे सकाळीच दिसलं व्हतं तुमाला?”

“व्हय.”

“आन् बोलले नाय?”

“धोंड्याचं जेवण व्हतं. कसं बोलू?”

सुदर्शननं दिपालीकडं बघितलं. सासरे पुढं बसले होते म्हणून ती मागं, डाव्या चाकाच्या बरोबर वर बसून आली होती. त्यानं डिकी उघडली आणि स्वतः काळं चाक काढून घेऊन आला.

चाक बदललं. रसवंतीवाल्याच्या फळ्या चारी चाकांखाली घालून रामेश्वरनं खाली शिरण्यापुरती गाडी उंच केली आणि व्याह्यांपुढं हात जोडले, सगळ्यांनी आत बसावं. व्याही भिकनरावांचा चेहरा उतरला. बाहेर एवढी सावली असताना तापल्या गाडीत बसायचं, हा कुठला पाहुणचार, असं विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या. दिपाली आधी चढली.

“बसा सगळे, हलू नका,” ती म्हणाली. “आबांचं असंच असतं.”

सगळे बसले. रामेश्वरनं चाकांच्या कडेनं दोरी ताणली, दुसरं टोक सुदर्शननं धरलं. रामेश्वर जमिनीवर उताणा पडून नट फिरवत होता, दोरी बघत होता, पुन्हा फिरवत होता. वर लेकीच्या बांगड्या वाजत होत्या. त्याला रडू आलं, आणि गाडीखाली होता म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

निघताना सुदर्शन पाया पडायला वाकला, पण चेहरा घट्टच होता.

“मामा, पुढचा धोंडा तीन वर्षांनी,” तो म्हणाला. “तवा माझं ताट वाढायच्या आधी बोला.”

रामेश्वरनं मान हलवली. गाडी निघाली, भरलेली, सरळ. आता माघारी फिरायचं होतं, पण मोटरसायकल पैठणकडंच वळली. बिडकीनच्या पुढं दिपालीनं खिडकीतून हात काढून माघारी जायची खूण केली, दोनदा केली. त्याला ती दिसली. पैठणच्या धरणाची भिंत दिसेपर्यंत तो मागच्या चाकांवरची नजर न काढता तसाच मागोमाग गेला.